डीलक्स काका

जयंत्यांचं आपल्याला कधीच वावडं नव्हतं. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, हीरक, अमृत, मग शताब्दी, आणि शताब्दीच्या आदल्या वर्षी ‘शताब्दी वर्षात पदार्पण’. शाल आणि श्रीफळ आणून ठेवलं की निमित्त आपोआप सापडतं. पण आमच्या सोसायटीतले डीलक्स काका ज्यांचे महोत्सव साजरे करतात ती माणसं नाहीत, संस्थाही नाहीत. त्या रेकॉर्डी आहेत, आणि त्याही इंग्रजी पॉप-रॉकच्या. १ मार्चला काका इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात भेटले तर समजावं, आज पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा वाढदिवस. हा अल्बम १९७३ साली अमेरिकेत १ मार्चला आला आणि इंग्लंडात त्याच महिन्यात जरा उशिरा. त्यामुळे तारखेप्रमाणे एकदा आणि तिथीप्रमाणे एकदा, असा तो दोनदा साजरा होतो. २६ सप्टेंबर हा बीटल्सच्या ‘ॲबी रोड’चा दिवस. काकूंचा वाढदिवसही नेमका तोच. काका तो कधीच विसरत नाहीत याचं सोसायटीतल्या बायकांना फार कौतुक होतं. २०१९ साली ‘ॲबी रोड’ पन्नास वर्षांचा झाला आणि काकांनी काकूंना भेट म्हणून त्याचाच बॉक्स सेट दिला. तेव्हापासून ते कौतुक ओसरलं.

‘डीलक्स काका’ हे नाव पोरांनी ठेवलं. जुने अल्बम नव्याने विकण्याच्या धंद्यात एकाच अल्बमच्या चार पायऱ्या असतात: स्टँडर्ड, डीलक्स, सुपर डीलक्स आणि सगळ्यांच्या वर उबर डीलक्स. मूळ गाणी चारींतही तीच. फरक पेटीच्या उंचीत आणि काकूंच्या रक्तदाबात. ‘आज उबर डीलक्स यायची आहे’ असं काकांनी एकदा वॉचमनला सांगून ठेवलं, तर त्या बिचाऱ्याने सकाळपासून गेटपाशी गाडीपुरती जागा मोकळी ठेवली. आला तो कुरिअरवाला. पण त्याने उतरवलेली पेटी बघून आपण फारसे चुकलो नाही, असंच वॉचमनला वाटलं असणार.

हा माणूस एकटा नाही. पार्ल्यात, डोंबिवलीत, कोथरूडला, झालंच तर न्यू जर्सीत ग्रीन कार्डासकट, असा एक तरी असतोच. जन्म साधारण १९५५ ते १९६५च्या दरम्यानचा. शाळेत असताना घरात रेडिओवर भावगीतं, आणि कॉलेजात गेल्यावर कुणाच्या तरी दुबईच्या मामाने आणलेली कॅसेट. मामाच्या कॅसेटवरून मित्राची कॅसेट, मित्राच्या कॅसेटवरून याची. नव्वद मिनिटांच्या टेपवर दोन अल्बम कोंबायचे असल्यामुळे शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. ते तिथेच संपतं, अशी काकांची नोकरी लागेपर्यंत प्रामाणिक समजूत होती. परदेशी छापाची एलपी परवडायची नाही. ग्रामोफोन कंपनीने डमडमच्या कारखान्यात छापलेली परवडली तर मिळायची नाही. (त्याच डमडमच्या बीटल्स रेकॉर्डी आता परदेशातले संग्राहक हुडकत असतात. काकांनी त्यातल्या दोन-तीन ‘आता सीडी आली’ म्हणून रद्दीवाल्याला दिल्या होत्या. हा विषय त्यांच्यासमोर काढू नये.) काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं, कव्हरं पुढून-मागून वाचायची आणि काहीही न घेता चालत चर्चगेट गाठायचं, हे या पिढीचं संगीतशिक्षण. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. त्या दिवशी काका तिथून घरी आले ते थेट न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून आंघोळ करून मगच चहाला बसले, असं काकू सांगतात.

पुढे लग्न झालं, घराचे हप्ते सुरू झाले, हप्ते फिटले. मुलीचं नाव आवडत्या गाण्यावरून ‘लैला’ ठेवायचा बेत आजीने पाळण्यातच हाणून पाडला. आणि साठीच्या आसपास भविष्यनिर्वाह निधीचा चेक हातात पडला. नेमके त्याच सुमाराला तरुणपणचे सगळे अल्बम एकामागून एक पन्नाशीचे होऊ लागले. हा योगायोग आहे असं फक्त काका मानतात. रेकॉर्ड कंपनीचा हिशेब सरळ आहे. ध्वनिमुद्रणाचा खर्च कधीच वसूल झालेला, स्टुडिओचं भाडं नाही, कलाकारांचे रुसवेफुगवे नाहीत. नवा खर्च मुख्यतः पुठ्ठ्याचा. आणि गिऱ्हाईक कोण, तर ज्याला सतराव्या वर्षी हवी ती गोष्ट मिळाली नाही आणि आता बायकोची परवानगी सोडून बाकी सगळं ज्याच्याकडे आहे, असा गृहस्थ.

शिवाय यात कायद्याचीही एक मेख आहे. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी पन्नास वर्षं टिकायचा, तो २०१३पासून सत्तर वर्षांचा झाला. पण जे मुद्रण पन्नास वर्षांत बाजारातच आलं नाही, त्याला ही वाढीव मुदत नाही. ते कुणीही उचलावं. म्हणून पन्नासावं वर्ष सरत आलं की कंपन्या कपाटं उपसतात आणि डब्यात पडलेल्या टेपा घाईघाईने विकायला काढतात. बॉब डिलनच्या जुन्या टेपांचा असा एक संच २०१२च्या अखेरीस युरोपात निघाला. प्रती जेमतेम शंभर, आणि हे सगळं कॉपीराइट वाढवण्यासाठी चाललं आहे असं चक्क त्याच्या नावातच लिहिलेलं. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडे सहकारी बँकेच्या अहवालातही सापडायचा नाही. त्या शंभर भाग्यवंतांत आपण नाही, ही सल काकांना अजून आहे. आपल्याकडे हा हक्क साठ वर्षांचा आहे, त्यामुळे इथल्या कंपन्यांना पन्नाशीची अशी घाई नसते, हेही ते सांगतात, जरा तुच्छतेनेच.

काकांकडे रविवारी सकाळी जाऊ नये. पोह्यांच्या आशेने तर मुळीच जाऊ नये. पोहे येतात, पण त्याआधी एकच गाणं तीनदा ऐकावं लागतं: एकदा १९८७च्या सीडीवरून, एकदा २००९च्या रिमास्टरवरून, एकदा पन्नाशीच्या रिमिक्सवरून. रिमास्टर म्हणजे तयार मुद्रणावर फिरवलेला शेवटचा हात आणि रिमिक्स म्हणजे मूळ टेपांवरचे आवाज सुटे करून पुन्हा केलेली मांडणी, हा फरक आमच्या लिफ्टमनलाही पाठ आहे. तिसऱ्यांदा गाणं संपलं की काका वळून विचारतात, ‘कळतोय का फरक?’ यावर डोळे मिटावेत, तीन आकडे मोजावेत आणि म्हणावं, ‘बेस खुललाय.’ हे वाक्य कुठल्याही अल्बमच्या कुठल्याही आवृत्तीला चालतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सज्जनांनी ‘मला बुवा तिन्ही सारखीच वाटली’ असं खरं सांगून टाकलं. काका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्या सज्जनांचा गळक्या गच्चीचा अर्ज अजून विचाराधीन आहे.

फरक नसतो असं मात्र नाही. ‘सार्जंट पेपर’ करताना बीटल्सनी सगळा जीव मोनो मिश्रणात ओतला होता. स्टिरिओ त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकलं गेलं, आणि जगाने पुढे वर्षानुवर्षं ऐकलं ते हे उरकलेलंच. २०१७ साली निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनी मोनो समोर ठेवून नवं स्टिरिओ मिश्रण केलं. बापाचं अर्धं राहिलेलं काम मुलाने पन्नास वर्षांनी पुरं करावं, यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ची (१९६६) अडचण याहून मोठी होती. चार ट्रॅकची टेप. त्यात गिटार, बेस आणि ड्रम एकाच ट्रॅकवर एकमेकांना चिकटून बसलेले. ते वेगळे करायचे कसे? ‘गेट बॅक’ माहितीपटासाठी पीटर जॅक्सनच्या मंडळींनी एक संगणकी तंत्र तयार केलं होतं. त्याने हे आवाज सुटे केले आणि २०२२ साली ‘रिव्हॉल्व्हर’चा नवा संच निघाला. छप्पन्न हा कुठलाच महोत्सवी आकडा नाही. ज्या वर्षी काम जमलं त्या वर्षी आवृत्ती काढली. माझ्या मते म्हणूनच ती काकांच्या कपाटातली सगळ्यांत चांगली आहे. काकांना नेमकं हेच खटकतं. ‘निमित्त काय पण?’ असं ते अजून पुटपुटतात.

याच ‘रिव्हॉल्व्हर’पायी काकांची छाती दोन इंच फुगलेली असते. त्यात जॉर्ज हॅरिसनचं ‘लव्ह यू टू’ आहे आणि त्यावर तबला वाजवणाऱ्याचं नाव मूळ कव्हरवरच छापलं आहे: अनिल भागवत. ‘भागवत!’ काका कव्हरवर बोट ठेवून ओरडतात, ‘लंडनमध्ये, १९६६ साली, बीटल्सच्या कव्हरवर, भागवत!’ मग हे भागवत कुठले, देशस्थ की कोकणस्थ, यावर अर्धा तास जातो. २०२२च्या संचात त्याच गाण्याचा पहिला टेक, एक बिननंबरी तालीम आणि सातवा टेकही आहे. म्हणजे अंतिम गाणं धरून तेच गाणं चार वेळा. पोहे तोवर गारढोण.

आणि फोर्ट. १९६८च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईत आला होता आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने इथल्या वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चा काही भाग आणि ‘दि इनर लाइट’ या गाण्याची वाद्यसाथ मुद्रित केली. स्टुडिओला धड ध्वनिरोधन नव्हतं. टॅक्स्यांचे आवाज आत यायचे, आणि साडेपाचला कचेरी सुटली की जिन्यावर पावलांचा असा गदारोळ व्हायचा की मुद्रण थांबवावं लागायचं, असं हॅरिसनने पुढे सांगितलं आहे. २०१८च्या ‘व्हाइट अल्बम’च्या सुपर डीलक्स पेटीत ‘दि इनर लाइट’च्या या साथीचा सहावा टेक आहे, आणि ‘वंडरवॉल’ही २०१४ साली नव्याने निघाला. दोन्ही काकांकडे आहेत, हे सांगायला नकोच. काकांचे वडील तेव्हा फोर्टातच एका कचेरीत कारकून होते. ५:५२ची फास्ट पकडायची म्हणून जिना धावत उतरणारे. काका कानाला मोठे हेडफोन लावून, आवाज टिपेला नेऊन, संतूर आणि सनईच्या मधल्या फटींतून ती पावलं शोधत असतात. अजून सापडलेली नाहीत. वडिलांची कचेरी मुळात दुसऱ्याच इमारतीत होती, असं काकू मला आत बोलावून, हळू आवाजात म्हणाल्या. हे काकांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

बाकी टाकाऊ टेकांबद्दल माझं मत कठोर आहे. टेक चारमध्ये गिटारवाला चुकतो, टेक नऊमध्ये गायकाला खोकला येतो, टेक अकरामध्ये कुणीतरी चहा मागतं. कलाकारांनी हे टाकून दिलं कारण त्यांना अक्कल होती. ते उचलून, पॉलिश करून, जाड पुस्तकासह विकलं जातं आणि काका ते मूळ गाण्यापेक्षा जास्त वेळा ऐकतात. आता तर त्यांना मूळ गाण्यात खोकला नाही याची रुखरुख लागते.

पेटीत गाण्यांशिवाय काय काय निघतं, हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ‘डार्क साइड’ची २०११ची ‘इमर्शन’ पेटी उघडली तेव्हा सहा तबकड्यांखालून एक मफलर, कपांखाली ठेवायच्या चकत्या आणि काळ्या गोट्या बाहेर आल्या. कव्हरवर तो जगप्रसिद्ध लोलक आहेच. त्यातून फुटणारे रंग मोजून बघा, सहाच आहेत. ‘तानापिहिनिपाजा’तला ‘पा’ गायब. ही चूक काकांच्या नातवाने शाळेतल्या ज्ञानाच्या बळावर काढली, आणि त्याच उत्साहात गोट्या खाली नेऊन खेळला. एक गटारात गेली. संग्राहकांच्या भाषेत त्या क्षणी ती पेटी ‘कम्प्लीट’ची ‘इनकम्प्लीट’ झाली. ‘काळी गोटी सापडल्यास सेक्रेटरींकडे आणून द्यावी’ ही नोटीस पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी बरेच दिवस होती. लोकांनी पुष्कळ गोट्या आणून दिल्या. त्यातली एकही पिंक फ्लॉइडची नव्हती.

यूटूच्या ‘आख्तुंग बेबी’च्या वीस वर्षांच्या उबर डीलक्स पेटीत बोनो घालायचा तसा मोठा काळा चष्मा होता. तो मात्र कामी आला. काकांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी गडद चष्मा सांगितला, तेव्हा महिनाभर सोसायटीच्या मीटिंगा तो चष्मा लावलेल्या सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली झाल्या. एकाही ठरावाला विरोध झाला नाही.

पण कळस म्हणजे हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ची (१९७०) पन्नाशीची उबर डीलक्स. ती महोत्सवालाही उशिरा, २०२१च्या ऑगस्टमध्ये आली. लाकडी खोका, किंमत हजार डॉलरला दोन सेंट कमी, कस्टम ड्युटी वेगळी. आत एलपी, सीडी, हॅरिसनच्या आणि त्याच्या बागेतल्या बुटक्यांच्या छोट्या मूर्ती, परमहंस योगानंदांचं पुस्तक आणि रुद्राक्ष. होय, रुद्राक्ष. हिमालयाच्या पायथ्याचं फळ साता समुद्रापार जाऊन, खोक्यात बसून, ड्युटी भरून परत आलं. ‘रामकुंडावर चार पैशांत अख्खी माळ मिळते,’ एवढंच काकू म्हणाल्या. खोक्यात आणखी एक वस्तू होती: हॅरिसनच्या फ्रायर पार्कमधल्या ओकच्या झाडापासून केलेली लाकडी वाचनखूण. ती काकूंनी मागून घेतली. इंग्लंडातला तो ओक सध्या त्यांच्या हरिपाठात आहे, आणि त्या सगळ्या खोक्यातली रोज वापरली जाणारी वस्तू तेवढीच.

या प्रकारातला विनोद कलाकारांना कळत नाही असं नाही. हॅरिसनने स्वतः २००१ साली याच अल्बमची आवृत्ती काढली, तेव्हा जुनं काळंपांढरं कव्हर रंगवून घेतलं आणि आतल्या चित्रांत त्या हिरवळीवर हळूहळू उड्डाणपूल आणि इमारती चढवल्या. दहा वर्षांनी एल्विस कॉस्टेलोने तर कमालच केली. स्वतःच्याच पेटीची किंमत बघून तो चाहत्यांना म्हणाला की हे घेऊ नका, त्यापेक्षा लुई आर्मस्ट्राँगचा संच घ्या, स्वस्तही आहे आणि गाणंही बरं आहे. काकांनी हे आदेशासमान मानलं. आर्मस्ट्राँग घेतला. आणि कलाकाराने स्वतः नाकारलेली आवृत्ती पुढेमागे दुर्मिळ होणार, म्हणून कॉस्टेलोही घेतला.

एवढं करून काका ऐकतात कशावर? फोनवर. बऱ्याच पेट्या दोन-दोन असतात: एक उघडायला, एक ‘सील्ड’. सील्ड उघडली की भाव पडतो आणि उघडलेली वाजवली की झिजते. म्हणून दोन्ही कपाटात, आणि मॉर्निंग वॉकला कानात वायरलेस. रेकॉर्ड किती ग्रॅमची आहे हे मात्र त्यांना तोंडपाठ असतं. एकशेऐंशी ग्रॅमच्या खालची रेकॉर्ड ते हातात धरत नाहीत. २०२४ साली ‘डार्क साइड’ची पन्नाशीनिमित्त पारदर्शक आवृत्ती निघाली, तिच्या प्रत्येक रेकॉर्डला एकाच बाजूला गाणी, दुसऱ्या बाजूला नुसतं चित्र. न वाजणारी रेकॉर्ड! काकांची एवढी खोल ओळख आजवर कुठल्याच कंपनीला पटली नव्हती.

मुलगा बंगळुरूला असतो. ‘बाबा, हे सगळं ॲपवर आहे की,’ असं तो दर गणपतीत म्हणतो आणि काका दर गणपतीत त्याला ‘बेस’ या विषयावर सुनावतात. काकूंना विचारलं तर त्यांची तक्रार संगीताबद्दल नाही, जागेबद्दल आहे. पाहुण्यांच्या गाद्या ठेवायच्या कपाटात आता ‘व्हाइट अल्बम’ आहे, आणि पाहुणे जमिनीवर सतरंजीवर.

तेव्हा एक सूचना. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची पन्नाशी ८ डिसेंबर २०२६ची, आणि ‘रूमर्स’ची ४ फेब्रुवारी २०२७ची. मध्ये धड दोन महिनेसुद्धा नाहीत. घरात असा गृहस्थ असेल तर मुदतठेवीच्या पावत्या आत्ताच बँकेच्या लॉकरमध्ये हलवा, आणि किल्ली त्याच्या बायकोकडे द्या.